कमरेला लपेल असं पिस्तूल निवडताना: पुण्यातल्या परवानाधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सराफी पेढी, पेट्रोल पंप, रोख रकमेची ने-आण, जमिनीच्या वादातून आलेल्या धमक्या. पुण्यात शस्त्र परवाना मागणाऱ्यांची कारणं साधारण अशीच असतात. परवाना हातात आला की पहिला प्रश्न येतो तो बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा: "अंगाशी बसेल एवढं छोटं, पण दणकट काय मिळेल?" त्या प्रश्नाच्या मागेपुढे जे जे विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. कायद्याची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या परवान्यावर काय छापलं आहे ते आधी वाचा, कारण तुम्हाला लागू होणार आहे ते तेच.

मोठ्या बोअरचं कॉम्पॅक्ट पिस्तूल पुण्यात घेता येतं का?

जगात ज्याला मोठा बोअर म्हणतात, म्हणजे .४५ किंवा ९ मिमी पॅराबेलम, तो आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतो. सेना आणि पोलीस वापरतात ती काडतुसं ज्या शस्त्रात चालतील, ते शस्त्र सामान्य नागरिकाच्या हातात जाऊ नये, हा त्यामागचा जुना विचार. प्रतिबंधित बोअरचा परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो केंद्रीय गृहमंत्रालयाकडून मिळतो, आणि तोही अगदी मोजक्या लोकांना.

सर्वसाधारण परवान्यावर उरतात ते .२२, .२५ आणि .३२ हे बोअर. काही जुन्या परवान्यांवर परदेशी .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर दिसते. पण तिची किंमत, तिच्या काडतुसांची टंचाई आणि छोट्या नळीतून बसणारा तिचा झटका पाहता रोज अंगावर बाळगायला मी ती सुचवणार नाही. व्यवहारात पुण्यातल्या माणसासाठी "मोठा बोअर" म्हणजे बत्तीस (.३२). हे एकदा मनाशी पक्कं केलं की दुकानात वेळ जात नाही आणि कोणी "नाइन एमएम करून देतो" म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहता येतं. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि जास्तीत जास्त १४ वर्षं आहे.

अमेरिकेत असलेल्या भावाकडे छोटं .४५ आहे. त्यात असं विशेष काय असतं?

तिकडे ही एक वेगळी शाखाच आहे. कोल्टचं मूळ १९११ पिस्तूल १२७ मिमी नळीचं. १९८५ साली कोल्टनंच ऑफिसर्स एसीपी नावाची ८९ मिमी नळीची आवृत्ती आणली. पुढे ग्लॉक ३६ आलं, एकेरी रांगेच्या मॅगझिनचं (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी), ६ गोळ्यांचं. स्प्रिंगफील्डचं एक्सडी-एस ८४ मिमी नळीचं, मॅगझिनमध्ये ५ गोळ्या आणि वजन सुमारे ६०० ग्रॅम.

गोळी तीच ठेवून पिस्तूल छोटं करत गेलं की अडचणी कुठून येतात, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तेच तर्कशास्त्र बत्तीसलाही लागू पडतं. स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, आखूड म्हणजे हलकी. हलकी स्लाइड जास्त वेगानं मागे जाते, म्हणून तिला आवरायला स्प्रिंग कडक लागते. कडक स्प्रिंगमुळे स्लाइड हातानं ओढणं जड जातं. स्लाइडच्या येण्या-जाण्याचा वेळ कमी झाल्यामुळे मॅगझिनमधली पुढची गोळी वर येऊन जागेवर बसायला क्षणाचा अवधी कमी पडतो, आणि मूठ थोडी सैल धरली तरी पिस्तूल अडकतं. नळी आखूड असल्यानं गोळीचा वेगही कमी होतो. मूठ इतकी लहान की करंगळी हवेत राहते. थोडक्यात, पूर्ण आकाराचं .४५ चालवायला सोपं आणि छोटं .४५ अवघड. विकत घेणाऱ्याला बहुतेक वेळा उलटं वाटत असतं.

भावानं ते इकडे आणायचा विचारही करू नये. बोअर प्रतिबंधित आहेच, शिवाय नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात १९८६ पासून बंद आहे.

मग .३२ पुरेसं आहे का? लोक त्याला खेळणं म्हणतात.

आकडे सरळ सांगतो. .४५ ची गोळी नळीतून निघताना साधारण ४८० जूल ऊर्जा घेऊन निघते, ९ मिमीची जवळपास तितकीच. .३२ एसीपीची साधारण १७५ जूल. म्हणजे फरक मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण पिस्तुलाच्या गोळीनं माणूस उडून पडतो, हे सिनेमातच होतं. कुठल्याही बोअरमध्ये महत्त्वाचं ठरतं ते गोळी कुठे लागली आणि पुरेशी आत गेली का, एवढंच. .३२ ची काडतुसं झटका कमी देतात. त्यामुळे दुसरी आणि तिसरी गोळी पहिलीच्या शेजारी लावणं सरासरी माणसाला जमतं. तेच छोट्या .३५७ मधून बऱ्याच जणांना जमत नाही, पहिल्या आवाजानंतरच हात आकसतो.

आणखी एक. .३२ एसीपी हे काडतूस जॉन ब्राउनिंगनं १८९९ मध्ये मुळातच खिशातल्या पिस्तुलासाठी बनवलं. मोठं काडतूस छोट्या चौकटीत कोंबल्यानं होणारा त्रास त्यात नाही. छोट्या पिस्तुलाला ते शोभतं.

गोळी चुकली तर ती कुठे जाईल याचा विचार लक्ष्मी रोडवर, मंडईत, स्वारगेटला आधी करायचा असतो. तिथे जास्त ताकदीची गोळी म्हणजे जास्त जबाबदारी.

पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्वर?

या प्रश्नावर पुण्यातल्या जुन्या परवानाधारकांत दोन तट आहेत आणि दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

सरकारी कारखान्यांचं 'अशनी' हे .३२ पिस्तूल चपटं आहे. मॅगझिनमध्ये ८ गोळ्या बसतात आणि कमरेला लावलं की शर्टाखाली उठून दिसत नाही. रिव्हॉल्वरमध्ये ६ गोळ्या, आणि त्या ज्यात बसतात ते गोल फिरणारं चक्र रुंद असल्यामुळे पोटाशी फुगवटा येतो. लपवणं हाच एकमेव निकष असेल तर पिस्तूल जिंकतं.

पण गोळी उडाली नाही तर? रिव्हॉल्वरचा ट्रिगर पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात मॅगझिनवर खालून थाप मारून स्लाइड ओढावी लागते, तीही दोन्ही हातांनी, धडधडत्या छातीनं. ही हालचाल ज्यांच्या अंगवळणी पडलेली नाही, त्यांच्या हातात अडकलेलं पिस्तूल निरुपयोगी आहे. महिनोन्महिने कपाटात राहणारं आणि अधूनमधूनच बाहेर निघणारं शस्त्र असेल, किंवा मालकाच्या बोटांत स्लाइड ओढण्याइतकी ताकद नसेल, तर मी रिव्हॉल्वरच सुचवतो. नियमित सराव करणाऱ्यानं पिस्तूल घ्यावं.

रिव्हॉल्वरमध्येही आता निवड आहे. कानपूरची जुनी .३२ रिव्हॉल्वर वेब्ली मार्क ४ च्या घडणीवर बेतलेली, मधून मोडून भरायची. २०१४ मध्ये 'निर्भीक' आली, टायटॅनियमच्या मिश्रधातूची, सुमारे ५०० ग्रॅम. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आली. तिचं चक्र बाजूला उघडतं, नळी ७६ मिमी आणि वजन ७०० ग्रॅमच्या आत. खासगी कंपन्यांपैकी उत्तर प्रदेशात हरदोईला वेब्ली अँड स्कॉटच्या नावानं .३२ रिव्हॉल्वर बनते. शक्य असेल तर यातल्या दोन-तीन हातात धरून पाहा आणि रिकाम्या शस्त्राचा ट्रिगर डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी न चढवता, सलग ओढून बघा. पाचव्या ओढीला नेम हलायला लागला तर ते शस्त्र तुमचं नाही.

.३२ च्या गोळ्या सगळ्या सारख्याच असतात ना?

नाही! ही गफलत सगळ्यात जास्त होते. पिस्तुलाला लागतं .३२ एसीपी, ७.६५ × १७ मिमी. रिव्हॉल्वरला लागतं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, ते लांब असतं आणि त्याच्या बुडाशी रुंद कड असते. एकाची गोळी दुसऱ्यात घालू नका, चक्रात ती सरकून बसली तरीही. दुकानात "बत्तीसची द्या" असं म्हणून भागत नाही, पिस्तुलाची की रिव्हॉल्वरची ते सांगा आणि पाकिटावरचं नाव वाचून घ्या.

काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अक्षरं दिसली तर ते आपल्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीचं. १८६९ पासूनचा हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये येतो आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. पाकिटावरचं उत्पादन वर्ष बघायला विसरू नका. बाळगायच्या गोळ्या दरवर्षी बदला आणि जुन्या सरावात संपवा. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतात, ते परवान्यावर लिहिलेलं असतं.

जुनं परदेशी पिस्तूल घेऊ का? वॉल्थर पीपीके मिळतंय.

घडण सुंदर, आकार लपवायला आदर्श, यात वाद नाही. पण आयात बंद असल्यामुळे देशात आहेत तीच पिस्तुलं हातोहात फिरतात आणि किंमत शस्त्राची कमी, दुर्मीळपणाची जास्त असते. घ्यायचंच असेल तर आधी बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या: नळीतले आटे झिजलेत का, मॅगझिनचे ओठ वाकलेत का, उडालेलं टरफल बाहेर खेचणारा आकडा धड आहे का, सेफ्टी खरोखर अडवते का. दुसरं मॅगझिन सोबत नसेल तर व्यवहार करू नका, नंतर ते मिळत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या अनेक पिस्तुलांत खाली पडल्यावर गोळी न उडण्याची आजच्यासारखी खात्री नसते, हेही लक्षात असू द्या.

शस्त्र लपवून बाळगणं कायदेशीर आहे का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. उत्तर ऐकून चकित होतात: आपल्याकडे शस्त्र झाकून बाळगणं बंधनकारक आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या साधनात असली पाहिजे, ती पूर्ण झाकलेली असली पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा असला पाहिजे. शस्त्र मिरवणं आणि सार्वजनिक ठिकाणी उडवणं याला सक्त मनाई आहे.

याचा निवडीशी थेट संबंध आहे. पट्ट्याला उघडं पिस्तूल लटकवून हॉटेलात बसणारे, मूठ दिसेल असा शर्ट खोचणारे, इन्स्टाग्रामवर पिस्तुलासह फोटो टाकणारे सगळे आपला परवाना धोक्यात घालत असतात. त्याहून वाईट म्हणजे, शस्त्र कुठे आहे ते ते चोराला सांगत असतात. मोठं पिस्तूल घेतलं की ते झाकलं जात नाही, मग ते गाडीत पडून राहतं. स्कूटरची डिकी आणि मोटारीचा डॅशबोर्ड या जागा प्रत्यक्ष ताब्यातल्या नव्हेत. म्हणून मी आकारावर इतका अडून बसतो. दिवसभर, एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात, सुती शर्टाखाली न दिसता राहील तेवढंच पिस्तूल घ्या. बोअर कायद्यानं जवळजवळ ठरवूनच दिला आहे. तुमच्या हातात उरतो तो आकार, आणि तिथे चूक परवडत नाही.

होल्स्टर कसा निवडावा?

पिस्तूल निवडताना घालवला तेवढाच वेळ यावर घालवा. ट्रिगर पूर्ण झाकणारा, पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडं राहणारा आणि त्याच मॉडेलच्या मापाचा असावा. कॅनव्हासचा "सगळ्यांना बसतो" असा होल्स्टर कशालाच नीट बसत नाही. चामडं अंगाला मऊ लागतं, पण घाम पितं आणि तो ओलावा पोलादाला देतं. कडक प्लास्टिकचा होल्स्टर पावसाळ्यात बरा. पट्टा मात्र जाड आणि ताठ हवा, नाहीतर पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलतं.

दुचाकी चालवणाऱ्यांनी पोटावर, नळी मांडीकडे रोखलेली राहील असं पिस्तूल लावू नये. उजव्या कमरेला, हाडाच्या थोडं मागे लावा आणि गाडीवर बसून, वाकून, उठून पाहा. मागून शर्ट उडतो, हे पुण्यात गाडी चालवणाऱ्या कोणाला सांगायला नको. वर जॅकेट किंवा लांब कुर्ता हवाच.

चेंबरमध्ये गोळी ठेवावी का?

जुन्या घडणीचं पिस्तूल असेल किंवा तुम्ही नवीन असाल तर ठेवू नका. मॅगझिन भरलेलं, चेंबर (नळीच्या मागची, गोळी उडते ती जागा) रिकामं. यात एक-दोन सेकंद जातात, हे खरं. गर्दीच्या शहरात चुकून उडालेल्या गोळीपेक्षा ते सेकंद गेलेले मला मान्य आहेत.

बायकांसाठी काय वेगळं?

दुकानदार लगेच हलकं शस्त्र पुढे करतात. 'निर्भीक' चांगली आहे, .२२ ची 'निडर' तर फक्त २५० ग्रॅमची. पण हलक्या शस्त्राचा झटका हाताला जास्त जाणवतो आणि .२२ ची ताकद फार कमी. वजनापेक्षा मुठीचा घेर आणि ट्रिगर किती जड आहे ते तपासा. पर्समध्ये ठेवायचं तर स्वतंत्र कप्पा हवा, त्यात किल्ल्या, लिपस्टिक काही नको, आणि पर्स खुर्चीला अडकवून उठायचं नाही.

परवाना कोणाकडे मागायचा?

तुम्ही कुठे राहता त्यावर ते ठरतं. पुणे शहरासाठी पुणे पोलीस आयुक्त. पिंपरी-चिंचवडसाठी ऑगस्ट २०१८ पासून तिथलं स्वतंत्र आयुक्तालय. ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. वय किमान २१ लागतं, नमुना ए-१ मध्ये अर्ज करायचा आणि शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं. पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. धमकीची तक्रार, रोख व्यवहाराची कागदपत्रं असं ठोस काही जोडा. "हौस" हे कारण चालत नाही. परवाना ५ वर्षांचा आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं. नाकारला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येतं.

आधी परवाना, मग शस्त्र. विसार देऊन पिस्तूल घरी आणून ठेवू नका.

परवान्याचं कार्यक्षेत्र नीट वाचा. फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर निपाणीच्या अलीकडेच तुमची हद्द संपते.

सराव कुठे आणि कसा करायचा?

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात नेमबाजीची उत्तम सोय आहे. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेनं तिथे सराव केला आहे. तिथला खेळ एअर पिस्तूल, .२२ आणि रायफलचा असला तरी नेम, श्वास आणि ट्रिगरवरचा दाब शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. आधी तिथे एअर पिस्तूल शिका. स्वतःचं .३२ मात्र अधिकृत रेंजवरच, परवानगी घेऊन चालवा. मुळशीतलं फार्महाउस किंवा सिंहगडामागची दरी ही रेंज नव्हे.

घरी कोरा सराव रोज करता येतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासलेलं, समोर जाड भिंत. शर्ट वर करून पिस्तूल काढणं आणि ट्रिगर सरळ मागे ओढणं, एवढंच करा, पण हळू.

प्रत्यक्षात ते कधी वापरता येतं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा अधिकार सांगतात. कलम ३८ मध्ये समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव करण्याची मुभा आहे, पण ती मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा ठराविक भीतींपुरतीच. कलम ३७ दोन कडक अटी घालतं: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही.

आता उदाहरणं घ्या. सोनसाखळी ओढून मोटारसायकलवरून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडली, तर बचाव टिकणं फार अवघड. सिग्नलला आरसा घासल्यावरून झालेल्या भांडणात पिस्तूल नुसतं दाखवलं, तर गुन्हेगार तुम्हीच. रात्री कुलूप तोडून कोयता घेऊन घरात शिरलेला माणूस अंगावर येतोय, ही परिस्थिती वेगळी. पिस्तूल कमरेला असलेल्या माणसानं रस्त्यावरच्या भांडणात सगळ्यात आधी माघार घ्यायला शिकलं पाहिजे. मनापासून सांगतो, ज्याला हे जमत नाही त्यानं परवाना मागू नये.

लग्न, मिरवणूक, निवडणूक?

लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार केला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९) खाली २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. सूट नसेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. गणपतीच्या गर्दीत जाताना ते घरी कुलपात ठेवा. दारू पिणार असाल त्या दिवशीही.

लोहगाव विमानतळावर जाण्याआधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. हातातल्या सामानात विसरलेलं एक काडतूस सापडलं तरी प्रवास तिथेच थांबतो आणि पोलीस ठाण्याची वाट धरावी लागते. शस्त्र न्यायचं असेल तर विमान कंपनीला आधी कळवून, रिकामं करून, चेक-इन सामानातच.

स्वस्तात गावठी कट्टा मिळत असेल तर?

विनापरवाना शस्त्राला २ ते ५ वर्षं कैद आहे, आणि कट्ट्याची नळी तुमच्याच हातात फुटू शकते. विषय संपला.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

अंगाला लागून असलेलं पिस्तूल जून ते सप्टेंबर रोज रात्री पुसायचं. गोळ्या काढा, कोरड्या फडक्यानं बाहेरून पुसा, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त तेल नको. ते काडतुसाच्या बुडातल्या टोपीत झिरपलं तर गोळी उडत नाही. आठवड्याला नळीतून तेलाचं आणि मग कोरडं कापड फिरवा. होल्स्टरमध्येच ठेवून कपाटात बंद करू नका, चामड्यातला ओलावा रात्रभरात डाग पाडतो. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांना माहीत नसलेल्या जागी.